ओहिगिन्सांची वंशावळ आणि आपले हेळवी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आडनावांबद्दल जे येतं ते आमच्या घरात सगळे वाचतात. पाटील कुलकर्णी देसाई ही वतनावरून आलेली, पुढं कर लागला की गावावरून, एवढं आता शाळेतली पोरंही सांगतात. पण ही माहिती इतक्या पिढ्या टिकवली कुणी आणि ती कशी हरवते यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. उदाहरण जरा लांबचं आहे, आयर्लंडचं, पण शेवटी मला कोल्हापूरबद्दल, आपल्या घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांबद्दलच बोलायचंय.

शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघणाऱ्या पोरांनी ओहिगिन्स हे नाव ऐकलं असेल. दक्षिण अमेरिकेत चिली देशात रांकाग्वा नावाच्या शहरात या नावाचा फुटबॉल क्लब आहे, १९५५ सालचा. चिलीत सगळे स्पॅनिश बोलतात, मग क्लबचं नाव आयरिश कसं हा प्रश्न मला पडला आणि मी वाचत गेलो, आणि वाचता वाचता या एका आडनावात जे काय सापडलं ते बघून खरंच थक्क झालो.

मूळ नाव ओ हिगिन. ओ म्हणजे नातू किंवा वंशज, मॅक म्हणजे मुलगा, आयरिश आडनावं बहुतेक अशीच बनलेली. हिगिन हे मूळ पुरुषाचं नाव, ते वायकिंग या शब्दावरून आलं असं मानतात. नाव दर्यावर्दी लढवय्यांचं पण घराणं निघालं कवींचं! पश्चिम आयर्लंडमधल्या स्लायगो भागात हे लोक पिढ्यानपिढ्या सरदारांच्या पदरी कवी होते. हे काम हौसेचं नव्हतं, त्यासाठी शाळा असायच्या, सहा-सात वर्षं शिकावं लागायचं, आणि विद्यार्थ्यांना अंधाऱ्या खोलीत पडून मनातल्या मनात कविता रचायला लावायचे, पूर्ण झाली की मग दिवा आणून लिहून घ्यायचे. सरदाराचं कूळ, त्याच्या आज्या-पणज्याचे पराक्रम, कुठली जमीन कुणाची, हे सगळं त्या कवितांत बसवलेलं असायचं. त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला टाइग डाल ओ हिगिन, १५९१ साली वारला. डाल म्हणजे आंधळा. घरी येऊन जेवून गेलेल्या सहा जणांवर त्यानं झोंबणारी कविता केली म्हणून त्याला मारलं अशी तिकडं कथा आहे. पुढं १६०७ ला उत्तरेतले मोठे सरदार देश सोडून युरोपात गेले, इंग्रजांचा अंमल बसला आणि आश्रयच गेल्यावर कवींच्या शाळाही बंद पडत गेल्या. त्याच इंग्रजी अमलात लोकांच्या नावातला ओ गळून गेला आणि ओ हिगिनचे हिगिन्स झाले.

याच स्लायगोतून १८ व्या शतकात याच आडनावाचा अँब्रोज नावाचा एक माणूस नशीब काढायला स्पेनला गेला, तिथून दक्षिण अमेरिकेत, सुरुवातीला फिरता व्यापारी, नंतर स्पेनच्या सैन्यात, आणि चढत चढत १७८८ ला चिलीचा गव्हर्नर आणि १७९६ ला थेट पेरूचा व्हाइसरॉय. परक्या देशात जन्मलेला माणूस स्पेनच्या राजाच्या वतीनं राज्य करतोय! राजानं त्याला मार्किस ही सरदारकीची पदवीपण दिली.

त्याचा मुलगा बेर्नार्दो, जन्म १७७८, आई इसाबेल रिकेल्मे. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. पोराला दुसऱ्याच्या घरी वाढवलं, मग लिमाला, मग इंग्लंडला शिकायला पाठवलं, बापलेक एकत्र असे कधी राहिलेच नाहीत. १७८३ साली ताल्का गावच्या चर्चच्या वहीत मात्र त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद झाली आणि त्यात बापाचं नाव लिहिलं गेलं. तरीपण बाप हयात असेपर्यंत तो रिकेल्मे म्हणजे आईचंच आडनाव लावायचा. १८०१ ला बाप वारला, मृत्युपत्रात मुलाला मोठी जमीन ठेवली, आणि तेव्हा कुठं तो ओहिगिन्स झाला. मग स्पेनविरुद्ध लढला, १८१४ ला रांकाग्वाच्या लढाईत हरला, अँडीज पर्वत ओलांडून अर्जेंटिनात गेला, तिथला सेनापती सान मार्तीन याच्या फौजेबरोबर परत डोंगर उतरून १८१७ ला चाकाबुकोची लढाई जिंकली आणि चिलीचा प्रमुख झाला. त्याच वर्षी त्यानं सरदारकीच्या सगळ्या पदव्या रद्द केल्या, ज्या पदवीसाठी बापाचं आयुष्य गेलं तीच. १८२३ ला पायउतार व्हावं लागलं आणि १८४२ ला लिमात परदेशातच वारला. आज सांतियागोचा मुख्य रस्ता त्याच्या नावाचा आहे आणि रांकाग्वा ज्या प्रांतात येतं तो प्रांतही. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती चर्चच्या वहीतली नोंद. जी आयुष्यभर त्याच्या बाजूनं राहिली.

आता दुसरी बाजू ऐका. आयर्लंड स्वतंत्र होताना आपसात यादवी झाली. सरकारात केव्हिन ओहिगिन्स मंत्री होते आणि विरुद्ध बाजूला त्यांचाच जिवलग रोरी ओकॉनर, जो त्यांच्या लग्नात नवरदेवाचा पाठराखा होता. ओकॉनरच्या लोकांनी डब्लिनमधली फोर कोर्ट्स ही न्यायालयाची इमारत धरली होती, लढाईत ३० जून १९२२ ला तिथं स्फोट होऊन आग लागली आणि शेजारचं सरकारी दफ्तर जळालं. शेकडो वर्षांची कागदपत्रं, १८२१ ते १८५१ च्या जनगणनेच्या वह्या जवळपास सगळ्या गेल्या. त्याच वर्षी ओकॉनरला सरकारनं गोळ्या घालून मारलं, त्या निर्णयात ओहिगिन्सही होते, आणि १९२७ ला प्रार्थनेला जाताना ओहिगिन्सनाही रस्त्यात गोळ्या घातल्या. माणसं गेली ती गेलीच पण त्या एका दुपारनं कोट्यवधी आयरिश लोकांचे पूर्वज पुसले, आजही तिकडं घराण्याचा शोध घ्यायला गेलं की बऱ्याच जणांना १९ व्या शतकात भिंत लागते. वाचलेली १९०१ आणि १९११ ची जनगणना त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवलीय आणि २०२२ पासून जळालेल्या दफ्तराच्या जगभर विखुरलेल्या नकला गोळा करून ऑनलाइन लावतायत, शंभर वर्षांनी!

बाकी या आडनावाची माणसं अजून आहेतच. बेलफास्टचा अलेक्स हिगिन्स १९७२ आणि १९८२ चा स्नूकरचा जगज्जेता, आणि मायकल डी. हिगिन्स २०११ ते २०२५ आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते, ते स्वतः कवी. कवींच्या आडनावाचा माणूस कवी म्हणूनच राष्ट्राध्यक्ष झाला याचा मला फार आनंद वाटला.

आता आपलं. आपल्याकडं हेळवी आहेत. सुगी झाली की बैल घेऊन यायचे, दारात बसून वही उघडून आपल्या पणजोबाच्या मागच्या पिढ्या घडाघडा म्हणायचे, मूळ गाव कुठलं, कुठून कुठं आलो, कुणाच्या पोटी कोण. धान्य कपडा घेऊन जायचे. आता गावागावात दारं बंद असतात, घरातली माणसं नोकरीला, आणि हेळव्यांची पोरंही शिकून दुसऱ्या कामाला लागली ते चांगलंच झालं पण वह्यांचं काय? नवीन पिढी त्यांना भिकारी समजून हाकलते हे मी बघितलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ही माणसं आपलं दफ्तर आहेत हो. आणि घराघरातल्या ट्रंकेत मोडी कागद पडलेत जे कुणाला वाचता येत नाहीत, शिरोळ करवीरच्या नदीकाठच्या गावात २०१९ आणि २०२१ च्या पुरात असे कितीतरी कागद भिजून लगदा झाले. आग लागायची वाट बघायची गरजच नाही, आपल्याकडं पंचगंगा दर काही वर्षांनी येतेच.

म्हणून माझी विनंती अशी की तुम्ही पुरवणीत एक सदर सुरू करावं, वाचकांनी आपल्या हेळव्याचं सांगणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवावं, अर्थात त्यांना विचारून आणि त्यांचं मानधन देऊन. शिवाजी विद्यापीठानं ते जपायची जबाबदारी घ्यावी, आणि मोडी वाचणाऱ्यांनी महिन्यातला एक रविवार लोकांच्या घरचे कागद वाचून द्यावेत, निदान फोटो तरी काढून ठेवावेत. अजून एक, आमच्या घराण्याच्या वहीत फक्त बाप्यांचीच नावं आहेत, एकाही आजीचं नाव नाही. नवीन लिहाल तेव्हा लेकी-सुनांची नावं माहेरच्या आडनावासकट लिहा. इसाबेल रिकेल्मेचं नाव टिकलं तर आमच्या आज्यांचं का टिकू नये?

आपला एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर