पेवाचं तोंड उघडल्यावर

आयोवा सिटी,
१० नोव्हेंबर

ती. आप्पा व ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

फराळाचा डबा मिळाला. दोन करंज्या फुटल्या होत्या, चकल्या मात्र जशाच्या तशा आल्या. आई, रोज रात्री एकच खाते, पुरवून पुरवून.

आप्पा, "इंग्रजी तर सोलापुरातही शिकवतात, मग तू तिथं नेमकं काय शिकतेस?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर मला नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून ते मनात घोळतंय, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

आमचा इंग्रजी विभाग आयोवा नदीच्या काठालाच आहे. सकाळी साहित्याचे तास, दुपारी लेखनाचे. लेखन हाही अभ्यासच, असं या विद्यापीठानं फार पूर्वी ठरवून टाकलं. कविता, कथा, कादंबरी वरच्या पदवीसाठी प्रबंध म्हणून चालेल, हे त्यांनी १९२२ सालीच जाहीर केलं. १९३६ मध्ये इथलं लेखकांचं वर्कशॉप सुरू झालं आणि पुढं सगळ्या अमेरिकेनं तो नमुना घेतला. गावातल्या एका रस्त्याच्या फुटपाथवर लेखकांच्या ओळींचे ब्राँझचे पत्रे बसवलेत. सुरुवातीला मला त्यांच्यावर पाय ठेववत नव्हता.

सकाळच्या तासाला सध्या अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन चालू आहे. बाईंनी जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या. हयातीत छापल्या गेल्या त्या दहा-बारा. १८८६ मध्ये त्या गेल्या, मग बहिणीला कवितांच्या हाताने शिवलेल्या वह्या सापडल्या. पहिल्या संपादकांनी त्यांची विरामचिन्हं 'सुधारली', यमकं सारखी केली. मूळ रूपातल्या सगळ्या कविता वाचकांपुढं यायला १९५५ साल उजाडलं. एका आठ ओळींच्या कवितेवर आम्ही पन्नास मिनिटं घालवली. हा डॅश इथं का, तो काढला तर श्वास कुठं तुटतो, एवढंच बघत होतो. मी हात वर करून बहिणाबाईंबद्दल सांगितलं. अक्षरओळख नाही, जात्यावर, शेतात काम करताना ओव्या सुचायच्या, मुलानं आणि एका नातेवाइकानं त्या उतरवून घेतल्या आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ मध्ये. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे तिथं विरामचिन्हं कुणाची?" आप्पा, तुम्ही आम्हाला त्या कविता चालीवर म्हणून दाखवायचात. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

आता दुपारच्या तासाबद्दल, कारण त्यासाठीच हे पत्र लिहितेय. आम्ही बाराजण आहोत. ज्याची पाळी, त्यानं आपली कथा आठवडाभर आधी सगळ्यांना द्यायची. सगळे ती दोनदा वाचून, समासात खुणा करून येतात आणि मग तासभर बोलतात. लेखकानं तेवढा वेळ तोंडातून शब्द काढायचा नाही. खुलासा नाही, बचाव नाही. पानावर जे उतरलं तेवढंच खरं.

मी आपल्या जुन्या वाड्यातल्या पेवाची, जमिनीखालच्या त्या धान्याच्या खड्ड्याची कथा दिली होती. दुष्काळाचं साल, आजोबा पेव उघडतात आणि ज्वारी काढायला आत उतरतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं वर्गात सगळे ते पेव म्हणजे थडगं, म्हणजे आईचं पोट, म्हणजे आठवणी, असं बोलत राहिले. मला आतून बरं वाटत होतं. मग इथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलानं विचारलं, "झाकण काढल्यावर किती वेळ थांबले? लगेच उतरले असतील तर आतल्या कोंडलेल्या हवेनं आजोबा मरतील."

वर्ग गप्प झाला. इथं मक्याचा मुलूख आहे. प्रत्येक शेताला पत्र्याच्या गोल उंच कोठ्या असतात. वरून मका घट्ट बसला म्हणून फोडायला माणूस आत जातो आणि खालून दाणे सरकले की त्यात गडप होतो. त्यांच्याकडं कोठीत एकट्यानं उतरायचं नाही, असं बजावलेलं असतं. कोंडलेल्या धान्याचं भय काय असतं ते त्याला ठाऊक होतं आणि मी, मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेली पोर, माझ्या कथेत ते नव्हतंच. मी आजोबांना झाकण काढताक्षणी आत सोडलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

बाईंनी परत दिलेल्या प्रतीवर, मी जिथं धान्याचा खड्डा असं इंग्रजीत लिहिलं होतं तिथं गोल करून लिहिलंय, "तुमच्या घरात याला जे म्हणतात ते लिहा." आता सगळीकडं पेव हाच शब्द ठेवणार आहे. क्लासेसचं पेव फुटलं, असं आपण येता-जाता म्हणतो. त्या शब्दाच्या तळाशी खरी ज्वारी आहे, हे मी पार विसरले होते.

तुमचे आवडते कवी दिलीप चित्रे १९७५ ते ७७ याच गावात होते, इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात. तुकोबांना त्यांनी पुढं इंग्रजीत नेलं. एकेका मराठी शब्दापाशी ते किती थांबले असतील, याचा हल्ली मला थोडा अंदाज येतो.

तर आप्पा, मला एवढं लिहून कळवा. आपलं पेव किती खोल होतं? आतून अस्तर कशाचं, कडब्याचं की आणखी कशाचं? तोंड कशानं लिंपायचे? उघडल्यावर किती वेळ तसंच ठेवायचे, आधी कंदील सोडून बघायचे का, आणि पहिलं कोण उतरायचं? अंदाजानं नको, थोरल्या काकांना समोर बसवून विचारा. आई, तू पेवातल्या जुन्या ज्वारीच्या भाकरीला वेगळा वास येतो म्हणायचीस. तो कसा, तुझ्या शब्दांत सांग, आप्पा लिहून घेतील.

सुधारलेली कथा २ डिसेंबरला द्यायची आहे. कागदावर लिहून फोटो पाठवलात तरी चालेल. शेतातली ज्वारी कितपत वर आली तेही कळवा.

तुमची,
मनू