खडबडीत रस्ते आणि सायकलच्या टायरमधली हवा

संपादक महोदय,

गोव्यातल्या खड्ड्यांविषयी दर पावसाळ्यात लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु सायकलस्वाराच्या मनगटांना आणि कमरेला बसणारे हादरे रस्ता दुरुस्त होण्याआधीही बरेच कमी करता येतात, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. टायरमध्ये हवा बेताची ठेवणे, हा तो उपाय होय.

आपल्याकडे अंगठ्याने दाबला जाणार नाही इतका टायर कडक भरून घेण्याची सवय आहे. कडक टायरची सायकल हलकी पळते, ही समजूत गुळगुळीत डांबरावर काही अंशी खरी आहे. पण खडीच्या वाटेवर, उखडलेल्या डांबरावर किंवा जलवाहिनीसाठी खणून ओबडधोबड बुजवलेल्या चरांवर असा टायर प्रत्येक उंचवट्याला सायकल आणि स्वार दोघांनाही वर उचलतो व पायांनी लावलेली शक्ती अंग हादरण्यात वाया जाते. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, त्यामागे मुलाची तीनचाकी भरीव रबराच्या टायरांवर फार आदळते, हीच तक्रार होती. हवा ठासून भरली की त्या शोधाचा हेतूच उरत नाही.

साधारण ७० किलो वजनाच्या व्यक्तीला पावणेदोन इंची टायरमध्ये मागे ४५ आणि पुढे ३५ पौंड (पीएसआय) दाबाच्या आसपास हवा पुरते. पुढच्या चाकावर भार कमी असतो, म्हणून तिथे हवाही कमी. मात्र ती फारच उतरली तर खड्ड्याच्या कडेवर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात, तेव्हा मर्यादा पाळावी. टायर जितका रुंद तितकी कमी हवा चालते. टायर बदलताना फ्रेम व ब्रेकमध्ये जागा आहे का, एवढे पाहावे. पहाटे पाव घेऊन गावोगाव फिरणाऱ्या पोदेरांच्या जुन्या सायकलींना स्प्रिंगची सीट असते, तीही उपयुक्त आहे. याउलट शाळकरी मुलांसाठी हौसेने घेतलेल्या स्वस्त सायकलींच्या पुढच्या शॉकअपमुळे वजनच वाढते आणि चढावर मुले दमतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायकल दुरुस्तीच्या दुकानांनी दाब मोजण्याचे मीटर ठेवून ग्राहकाचे वजन विचारून हवा भरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यानेही शाळांजवळ व वळणांवर रंबलर, म्हणजे वाहनांचा वेग कमी करण्यासाठीच्या लागोपाठच्या उंचवटेदार पट्ट्या, घालताना डाव्या कडेला सायकल जाईल एवढी जागा मोकळी सोडावी, कारण हे रंबलर चुकवण्यासाठी मुले मागून येणाऱ्या वाहनांसमोर रस्त्याच्या मध्यभागी येतात.

आपला,
एक सायकलस्वार, डिचोली