रमी वेगळी, गिल्ड वेगळं

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं आहे की 'ऑनलाइन गेम'मुळे माणूस एकलकोंडा झाला. पूर्वी तालमी होत्या, मंडळं होती, माणसं एकमेकांना धरून होती. त्याच पानावर खाली रमीत पैसे घालवलेल्या एका तरुणाची बातमी, आणि दोन्हींना मिळून एकच चित्र: डोक्याला हात लावून बसलेला मुलगा. सरांबद्दल मला आदर आहे. पण मी ४९ वर्षांची बाई, मिरजेत एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन, आणि २००७ पासून ऑनलाइन गेम खेळते. तेव्हा गप्प बसवत नाही.

माझा खेळ 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. अमेरिकेत २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, युरोपात २००५ च्या फेब्रुवारीत. राक्षस, किल्ले, मंत्रतंत्र, एक अख्खं जग, आणि त्यात हजारो माणसं एकाच वेळी हिंडत असतात. भारतात त्याचा सर्व्हर नाही. माझा भाऊ तेव्हा नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला होता, त्याने खेळाचं खोकं पाठवलं आणि म्हणाला, ताई, बघ तरी. आमचं डेबिट कार्ड तिथे चालेना. मग तो तिकडे ६० दिवसांचं कार्ड विकत घ्यायचा आणि त्यावरचा लांबलचक कोड फोनवर वाचून दाखवायचा, मी तो लॅबच्या जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर उतरवून घ्यायचे.

त्या जगात एकट्याने फार काही होत नाही. मोठ्या किल्ल्यात शिरायचं तर दहा, पंचवीस, सुरुवातीच्या काळात तर चाळीस माणसं लागायची. म्हणून गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा नोंदवलेला संघ. गिल्ड काढायचं तर तेव्हा सनद विकत घेऊन आणखी नऊ जणांच्या सह्या आणाव्या लागत, म्हणजे काढणारा धरून दहा. आपल्याकडे सोसायटी नोंदवायला सात माणसं पुरतात. सरांच्या 'मंडळा'पेक्षा आमची अट कडक होती, एवढंच नमूद करते.

आमचं गिल्ड युरोपातल्या सर्व्हरवर. म्होरक्या डच, दुभत्या गायींचा गोठा असलेला शेतकरी. एक ग्रीक, एक फिनलंडचा शाळकरी पोरगा, दोन पोलिश भाऊ, आणि मिरजेची मी. त्यांच्या रात्री आठला जमायचं म्हणजे आमचे साडेअकरा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांनी घड्याळं मागे केली की साडेबारा. मी बुधवारी अर्ध्या रात्री हेडफोन लावून कुजबुजत बसलेली पाहून सासूबाईंना पहिले काही महिने काय वाटलं असेल ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. रविवारी मात्र त्यांच्या दुपारी तीनला रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून किल्ल्यावर चढाई, असायची, आमच्या हिवाळ्यात संध्याकाळी साडेसात. म्हणजे नेमकी कुकरची वेळ. पहिल्यांदा शिट्टी झाली तेव्हा सगळे दचकले. म्होरक्याने विचारलं, कारखान्याशेजारी राहतेस का. भात-वरण कसं लावतात ते मी सांगितलं. पुढे पुढे मी लढाईत गुंतलेली असताना तोच मोजायचा आणि सांगायचा, तीन झाल्या, जाऊन ये. त्याची गाय व्यायला आली की आम्ही थांबायचो, माझ्या तीन शिट्ट्या झाल्या की ते.

मी प्रीस्ट, म्हणजे हीलर. टँक मार खातो, बाकीचे मार देतात, आणि हीलर सगळ्यांचे जीव सांभाळते. घरात जे काम तेच तिथे. फरक एकच. हीलरची मना, म्हणजे मंत्राची ताकद, संपली की ती खाली बसून पाणी पिते आणि तोवर बाकी नऊ जण मुकाट्याने उभे राहतात. मी पाणी पीत असताना घरातलं कोणी कधी थांबल्याचं मला आठवत नाही.

२००८ साली आम्ही काराझान नावाच्या किल्ल्यात अडकलो होतो. तिथे एरन नावाचा मांत्रिक आहे. तो मध्येच काही जणांभोवती आगीचं कडं टाकतो. त्या वेळी नियम एकच, जागचं हलायचं नाही. कोणी ते कडं ओलांडलं की स्फोट होतो आणि सगळे भाजून निघतात. तीन आठवडे आम्ही तिथेच मरत होतो. एका रविवारी त्याची ताकद अगदी थोडी उरली होती, कडं माझ्याभोवती पडलं, मी कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, दूध!" हात आपोआप वर गेला, कुठली तरी कळ दाबली गेली, माझी प्रीस्ट एक पाऊल पुढे सरकली. दहाच्या दहा मेले. हेडफोनमध्ये शांतता. मला वाटलं आता शिव्या येणार. म्होरक्या म्हणाला, "दूध उतरवलंस का?" मग सगळे परत पळत आले आणि चौथ्या खेपेला तो मांत्रिक पडला.

शिव्या मी दुसऱ्या एका प्रसंगी खाल्ल्या, आणि त्या थोड्याफार रास्त होत्या. आमच्यात लूट वाटायची ती गुणांवर. वेळेवर आलं की गुण, राक्षस पडला की गुण, आणि मग एखादी वस्तू हवी तर ते गुण खर्च करायचे. याला डीकेपी म्हणतात; पद्धत आमच्या खेळाहून जुनी, १९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मधल्या गिल्डांनी काढलेली. लॅबमध्ये रजिस्टरं भरून भरून मला हात बसलेला, म्हणून तक्ता माझ्याकडे दिला. काराझानच्या शेवटच्या राजकुमाराकडून 'लाइट्स जस्टिस' नावाची गदा पडायची. हीलरच्या हातातली तेव्हाची सगळ्यात भारी चीज म्हणा. ती मलाही हवी होती आणि आमच्या ग्रीक पॅलाडिनलाही, म्हणजे मंत्र जाणणाऱ्या योद्ध्यालाही. तक्त्यात माझे गुण चाळीसने जास्त. तो म्हणाला, हिशेबनीसच ठेकेदार झालाय. (ग्रीकमध्ये याला काय म्हणतात देव जाणे, इंग्रजीत त्याने बरंच तिखट लिहिलं.) मी रडले, खोटं कशाला बोलू. मग तक्ता सगळ्यांना उघडा केला आणि त्या फिनिश पोराने एका रात्रीत सहा महिन्यांचा हिशेब तपासला. माझी एक चूक निघाली, ती पॅलाडिनच्या बाजूने होती. तो तीन आठवडे आला नाही. नंतर आला, काही बोलला नाही, पुढच्या लढाईत त्याचा पहिला मंत्र माझ्यावर टाकला.

आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा हिशेब मी गेली कित्येक वर्षं दरवर्षी मागते. दरवर्षी मला प्रसाद मिळतो.

चोरी झाली नाही असंही नाही. २००७ च्या शेवटी खेळात गिल्ड बँक आली. सगळ्यांनी महिनोन्महिने गोळा केलेल्या मुळ्या, औषधं, सोनं त्यात. एका पदाधिकाऱ्याने पहाटे सगळी रिकामी केली आणि गिल्ड सोडून गेला. कोणी काय काढलं याची नोंद तिथे प्रत्येकाला दिसते, त्यामुळे नाव कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. करता मात्र काही आलं नाही, किल्ली आम्हीच दिली होती. त्यानंतर प्रत्येक पदाला रोज किती काढता येईल याची मर्यादा घातली. खरं सांगायचं तर वस्तू जाण्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं, पण त्या माणसाला मी एकदा माझ्या मुलीचं चित्र पाठवलं होतं, ते उगाच पाठवलं असं अजून वाटतं.

३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट आडवं झालं. आठवत असेल अनेकांना. मी एकाएकी गायब. आधीच आमच्याकडे लोडशेडिंग, मोडेमसाठी इन्व्हर्टर घेतलेला, तरी हे वेगळंच. परत आले तर माझ्या नावापुढे गैरहजेरीच्या रकान्यात कारण लिहिलेलं होतं, 'समुद्र'. म्होरक्याने तिकडे बातमी वाचून नकाशावर केबल शोधली होती. गुण कापले नव्हते.

माझ्या कामाशी जुळणारी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. २००५ च्या सप्टेंबरमध्ये, मी खेळायला लागण्याआधी, या खेळात एक साथ आली होती. हक्कार नावाच्या राक्षसाचा 'दूषित रक्ता'चा शाप त्याच्या देवळापुरताच राहायला हवा होता. शिकाऱ्यांच्या पाळीव जनावरांना तो लागला आणि त्यांच्याबरोबर शहरांत पोचला. नवखे खेळाडू पटापट मेले. दुकानदार म्हणून उभी असलेली पात्रं मरत नव्हती, पण रोग देत होती. कोणी गावाबाहेर पळालं, कोणी गंमत बघायला शहरात आलं, आणि हीलर मदतीला धावले. साथरोगाच्या अभ्यासकांनी यावर २००७ मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात लिहिलं. २०२० मध्ये दिवसभर लॅबमध्ये पीपीई घालून घामाने निथळून घरी आल्यावर मला राहून राहून ती जनावरं आणि ते दुकानदार आठवायचे.

आणि जून २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, कंपनीने तोच जुना काराझान पुन्हा उघडला. आमच्यातले सहा जण परत आले. फिनलंडचा पोरगा आता दोन मुलांचा बाप, त्याच्या मागे पोरं रडतात आणि आम्ही थांबतो. एरनच्या खोलीत शिरण्याआधी पॅलाडिनने विचारलं, घरी दूध आहे का.

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची हकिकत काही वाचकांना ठाऊक असेल. स्नायू झिजवणाऱ्या ड्यूशेन आजाराने तो २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. मुलगा आयुष्यभर एकटा राहिला असं आईवडील समजत होते. वडिलांनी मृत्यूची बातमी इंटरनेटवर टाकली, तर याच खेळातल्या त्याच्या 'स्टारलाइट' गिल्डच्या माणसांची पत्रं येऊ लागली, आणि काही जण दुसऱ्या देशांतून अंत्ययात्रेला आले. ही गोष्ट मला हलवते, पण ती सांगितली की लोक मान डोलावून म्हणतात, हो, आजारी माणसांना विरंगुळा बरा. मी आजारी नाही. मला दुसऱ्यांबरोबर मिळून अवघड काम करायला आवडतं, आणि मिरजेत रात्री साडेबाराला ते करायला दुसरं कोणी मिळत नाही.

चटक इथेही आहे, हे कबूल करते. गदा पडेल की नाही हा नशिबाचाच भाग, आणि 'आणखी एकदा जाऊ' म्हणत पहाट झालेली मी पाहिली आहे. एका पोलिश भावाची नोकरी यात गेली. खेळातलं सोनं खऱ्या पैशाने चोरून विकणारेही आहेत. पण मी महिन्याला ठरावीक युरो भरते, मग जिंकले काय, हरले काय, तेवढेच. रमीच्या ॲपवर हरलेला माणूस हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा बसतो आणि समोर कोण बसलंय हे त्याला कधी कळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला त्यानेही पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ वेगळे काढले. कायद्याला जे दिसलं ते मथळे देणाऱ्यांना दिसायला हरकत नाही. पैसे लावलेले असतील तर सरळ 'ऑनलाइन जुगार' छापा. शब्द आपलाच आहे, आणि मथळ्यात बसतोही.

मुख्याध्यापक सरांना रविवारी घरी यायचं आमंत्रण. साडेसातच्या आधी यावं, नंतर दार कोणी उघडणार नाही.

आपली नियमित वाचक,
मिरज

ता. क. नाव कृपया छापू नये. २००८ च्या त्या फेब्रुवारीत काराझानचा राजकुमार पहिल्यांदा पडला त्या रविवारी जयसिंगपूरला भाच्याचं बारसं होतं, आणि 'लॅबमध्ये अर्जंट सॅम्पल आलंय' असं मी नणंदेला कळवलं होतं. ती आपलाच अंक घेते.