छपराचं भोक बुजवायचं नाही

बर्मिंगहॅम, रविवार

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

खोकला गेला. ज्वारीचं पीठ इथे मिळतं. तब्येतीचं एवढंच.

आईचा प्रश्न आधी, की ही गाडी घेऊन अडचणीत तर येणार नाही ना. पोलिसांची जुनी गाडी बाळगणं इथे गुन्हा नाही. आम्ही तिघांनी व्होल्वो ८५० टी-५ रीतसर विकत घेतली आहे. निळा दिवा बसवलेली खासगी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, दिवा बंद असला तरी. म्हणून पुढच्या जाळीमागचे दिवे आणि सायरन काढून खोक्यात ठेवलेत. झालं समाधान?

आता इथलं एक खूळ, निवृत्त पोलीस गाड्या जपायचं, नीट समजावतो, नाहीतर पोराचं डोकं फिरलं असं वाटेल. ही साध्या वेशातली गाडी. पट्टे नाहीत, अक्षरं नाहीत. निवृत्त झाली की चारचौघींसारखीच दिसते, म्हणून अशा कितीतरी ओळख न पटताच भंगारात गेल्या. खात्याने सामान उतरवलं की मागे राहतात फक्त भोकं: छपरात एरियलचं, डॅशबोर्डात वायरलेसची नि स्विचांची. तीच तिची ओळख! आपल्याकडे पुट्टी मारून रंग दिला असता. इथे भोक बुजवलं तर जाणकार नाक मुरडतात. पण उघडंही ठेवता येत नाही. कडेचा गंज खरवडायचा, गंजरोधक प्रायमर लावायचा आणि घट्ट रबरी बूच बसवायचं. नाहीतर पाणी छताच्या अस्तरातून उतरतं आणि गालिच्याखालचा पत्रा सडतो.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. एंजिन २.३ लिटर, पाच सिलिंडर, टर्बो, २२५ हॉर्सपॉवर. ऑइल सील गळतंय म्हणून आधी सीलला हात घालायचा नाही. एंजिन गरम करून चालू ठेवायचं आणि ऑइल भरायच्या तोंडावर भांडी घासायचा रबरी हातमोजा बांधायचा. मोजा फुगला तर ब्रीदर, म्हणजे एंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, तुंबलाय. इनटेक मॅनिफोल्ड (एंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) उतरवून त्यामागचा ऑइल सेपरेटर, पाइप आणि गॅस्केट नवीन टाकायचं, ब्लॉकमधल्या वाटांतला गाळ काढायचा. हे टाळलं तर आतला दाब नवं सीलही ढकलतो. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला, तुमच्या डेपोतल्या गाड्यांसारखे गिअर नाहीत, बेल्ट आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून बेल्ट, पुली, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि पंप एकदमच बदलायचे. टेन्शनर व्हाइसमध्ये सावकाश दाबायचा, घाई केली तर त्याचं सील जातं.

सगळ्यात चिवट काम वायरिंगचं. सामान काढताना वायरी कापून तशाच सोडतात, काहींत करंट असतो. गाडी बंद करून, दारं लावून बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये लावायचा आणि थोडं थांबायचं. ५० मिलीअँपिअरच्या वर दाखवलं तर एकेक फ्यूज उपसायचा; आकडा कुठे पडतो ते बघायचं. तरीही पडला नाही, तर फ्यूजबॉक्स सोडून थेट बॅटरीवरून नेलेली वायर शोधायची. जोड सोल्डर करायचे, वर उष्णतेने आवळणारी नळी.

खर्च तिघांत वाटलाय, घरी पाठवायच्या पैशांतून एक पौंडही नाही. या महिन्याचे पैसे २५ तारखेला येतील, एवढंच. त्याचा गाडीशी संबंध नाही, भाडं वाढलं. लग्नाच्या हॉलची अनामत आत्याकडून घेऊन भरा, मी फेडतो. ताईच्या हळदीला पोचत नाही, लग्नाला मात्र नक्की. रजा चारच दिवस. तिला तुम्ही सांगू नका, मीच फोन करतो.

तुमचा
धाकटा