वहीतलं नाव

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

आईकडून कळलं, बाबा, आरोग्यसेविका आली तर तुम्ही तिला दारातूनच वाटेला लावलंत. "झाला टीबी तो झाला, सरकारी वहीत नाव कशाला? अख्ख्या चाळीला कळायला?" फोनवर हा विषय काढला की तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून पत्र लिहितेय. पत्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायला का होईना.

रविवारी इथे न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडच्या चेरी स्ट्रीटवर गेले होते. तिथे आता लाल विटांच्या उंच इमारती आहेत, १९३४च्या. त्याआधी तिथे जी वस्ती होती तिला क्षयामुळे 'लंग ब्लॉक', म्हणजे फुफ्फुसाचा ब्लॉक, म्हणत. चार रस्त्यांच्या मधल्या एवढ्याशा जागेत चारेक हजार माणसं. आपल्या चाळीला निदान गॅलरी आहे. तिथल्या आतल्या खोल्यांना खिडकीही नव्हती.

हर्मन बिग्ज नावाचा डॉक्टर तिथल्या आरोग्य खात्यात होता. १८९७मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या प्रत्येक डॉक्टरला क्षयरुग्ण कळवणं सक्तीचं केलं. थुंकी खातं फुकट तपासून देई. शहराच्या नकाशावर घराघरापुढे खुणा होत गेल्या, आणि रोग कुठे मुक्काम ठोकून आहे ते दिसू लागलं. त्या एका ब्लॉकात नऊ वर्षांत २६५ रुग्णांची नोंद झाली. १९०३ साली तिथे फिरून लिहिणाऱ्या एकाने म्हटलं, खरा आकडा याच्या दुप्पट असेल.

कारण डॉक्टरच लपवत. विम्याचे पैसे बुडू नयेत म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर ब्राँकायटिस किंवा न्यूमोनिया लिहीत. (हे वाचताना तुमचा तो "साधा कफ" आठवला, रागावू नका.) बिग्जने त्यांची समजूत काढायला सवलत दिली: खासगी डॉक्टरच्या रुग्णाकडे, डॉक्टरने सांगितल्याशिवाय, खात्याचा माणूस जाणार नाही. म्हणजे दार ठोठावलं गेलं ते गरिबांचं. काहींना तर मनाविरुद्ध नदीतल्या बेटावरच्या इस्पितळात नेऊन ठेवलं. तेव्हा वहीची भीती खोटी नाही, बाबा. तुमचा राग मला कळतो.

पण त्या वहीकडे द्यायला औषधच नव्हतं. आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्हीच मला सांगायचात. १८८३मध्ये त्या याच न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरला क्षयाचा जंतू सापडून तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्यावर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४३ उजाडलं. तोवर नोंद म्हणजे खोली धुरी देऊन स्वच्छ करणं, थुंकीबद्दल बजावणं आणि जमलं तर सॅनिटोरियम.

तुमचं नाव लिहिलं की सहा महिन्यांच्या गोळ्या घरपोच नाही तरी फुकट मिळतील, आणि मधेच सोडल्यात तर कुणीतरी विचारायला येईल. आईने विचारून तुम्ही ऐकत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. आपल्याकडेही २०१२पासून खासगी डॉक्टरला कळवावंच लागतं, त्यामुळे "मी माझ्या डॉक्टरकडे गुपचूप जाईन" हाही मार्ग उरलेला नाही.

आणि चाळीला कळण्याचं म्हणाल, तर शेजारचा चिंटू रोज तुमच्या मांडीवर बसून पाढे म्हणतो. त्याच्या आईला तुम्ही स्वतः सांगा, तपासून घे म्हणावं. आई, तूही एक्स-रे काढ. "मला काही होत नाही" हे पुरे झालं.

सोमवारी ती बाई पुन्हा येणार आहे म्हणे. चहा दे तिला, आणि बाबा, खोली नंबर नीट सांगा. मागच्या खेपेला गॅस कनेक्शनच्या फॉर्मवर चुकवला होतात.

तुमची,
ताई

ता. क. चिंटूचे पाढे थोडे दिवस गॅलरीतून, लांबूनच ऐका.