‘ची-टो’लाही न्याय द्या

संपादक महोदय,

दुसऱ्या महायुद्धातले जपानी रणगाडे म्हटले की १५ टनी ‘ची-हा’चेच नाव निघते आणि जपानला रणगाडा जमलाच नाही, असा शिक्का बसतो. हे चूक आहे. ‘ची-टो’ या मध्यम रणगाड्याचा नमुना ३० टनांचा, पुढचे चिलखत ७५ मिलिमीटरचे, डिझेल इंजिन सुमारे ४०० अश्वशक्तीचे. ७५ मिलिमीटरची तोफ तर चीनमध्ये हाती लागलेल्या स्वीडिश बोफोर्स विमानवेधी तोफेवरून बेतलेली! घोडे अडले ते पुरवठ्यात. पोलाद आणि कारखाने यांवर पहिला हक्क जहाजे व विमानांचा होता. त्यातच अमेरिकी बॉम्बहल्ले सुरू झाले. १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा दोनच गाडे पूर्ण झाले होते, तेही लढाईत उतरले नाहीत.

– एक वाचक