पूना डिव्हिजन बगदादच्या वाटेला कुणी लावली?

मा. संपादक, स.न.

टीव्हीवर युद्धाची चर्चा लागली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "देश युद्धाच्या दिशेने चाललाय". मला हे कधीच पटत नाही. देश आपणहून कुठं जात नसतो, त्याला कुणीतरी नेतं आणि नेणाऱ्यांची नावं बहुतेक वेळा फायलींमध्ये असतात. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या, आपल्या पुण्याचं नाव असलेल्या एका डिव्हिजनचंच उदाहरण देतो, कारण पहिलं महायुद्ध म्हटलं की आपले लोक लगेच फ्रान्सच्या खंदकांवर जातात, इराकमधल्या कूतचं नाव कुणी काढत नाही.

ब्रिटनने तुर्कस्तानशी युद्ध जाहीर केलं ५ नोव्हेंबर १९१४ ला. पण सहाव्या पूना डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून निघाली होती ऑक्टोबरच्या मध्यालाच, म्हणजे शत्रू अजून कागदोपत्री शत्रू झालेला नाही आणि आपली माणसं बहारीनपाशी जहाजात बसून वाट बघतायत! ६ तारखेला लगेच फाव इथं, तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेल्या इराकच्या दक्षिण टोकाला, उतरवली. कारण काय, तर इराणातल्या अबादानची रिफायनरी. नौदलाच्या बोटी तेलावर चालवायच्या म्हणून तेव्हाचे नौदलमंत्री चर्चिलसाहेब यांच्या आग्रहाने सरकारने त्याच वर्षी त्या तेल कंपनीत ५१ टक्के हिस्सा घ्यायचा करार केलेला.

तुर्कांकडे तरी काय वेगळं होतं. युद्धमंत्री एन्व्हर पाशा आणि दोनचार जणांनी २ ऑगस्टलाच जर्मनीशी गुप्त करार केला, त्यांच्या बऱ्याचशा मंत्र्यांना पत्ताच नाही. ऑक्टोबरअखेर जर्मन अ‍ॅडमिरलच्या हाताखाली तुर्की आरमाराने रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या तेव्हा काही मंत्र्यांनी राजीनामे दिले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अनातोलियातल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही आणि आमच्या साताऱ्यातल्या शेतकऱ्याला तर नाहीच नाही.

बरं, नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हातात आलं होतं, तिथंच थांबता आलं असतं. पण बसरा सांभाळायला कुर्ना पाहिजे, कुर्ना सांभाळायला अमारा पाहिजे, मग कूत, आणि कूतला पोचल्यावर बगदाद दिसायला लागलं. तिकडे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ब्रिटिशांचं नाक कापलं गेलेलं, लंडनला कुठूनतरी एक चांगली बातमी हवी होती, व्हाइसरॉय हार्डिंज यांना पूर्वेकडे ब्रिटिशांचा दबदबा राहायला हवा होता आणि इराकमधल्या फौजेचे प्रमुख जनरल निक्सन यांना तर सगळं सोपंच वाटत होतं. प्रत्यक्ष फौज घेऊन जाणारे टाउनशेंड स्वतः म्हणत होते की एवढ्या सैन्यात बगदाद झेपणार नाही, तरी गेले!! ऑक्टोबर १९१५ मध्ये तारेने परवानगी आली आणि नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफॉनला चार हजारांच्यावर माणसं मेली किंवा जखमी झाली. सिमल्यात बसलेल्या भारत सरकारच्या कारभाऱ्यांनी डॉक्टर, औषधं, नदीतल्या बोटी सगळ्यातच काटकसर केलेली, त्यामुळे जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणलं आणि घाणीने भरलेल्या बोटींतून बसऱ्याला पाठवलं, कित्येकांचं ड्रेसिंग वाटेत एकदाही बदललं नाही.

मग कूतचा वेढा, १४७ दिवस. घोडे कापून खायची वेळ आली, आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणींची माणसं होती. सोडवायला आलेल्या फौजेचीच वीस हजारांहून जास्त हानी झाली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जण शरण गेले, त्यांना उन्हातान्हात चालवत नेलं आणि त्यातले हजारो परत आलेच नाहीत. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर नोकरचाकरांसह आरामात होते, कैदेत असतानाच त्यांना 'सर' किताबही मिळाला.

१९१७ मध्ये या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा रिपोर्ट आला, त्यात निक्सन आणि हार्डिंज दोघांवर ठपका. लंडनमधले भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, निदान तेवढी लाज तरी होती. हार्डिंज मात्र परराष्ट्र खात्यात मोठ्या हुद्द्यावर तसेच राहिले आणि पुढे १९२० ला पॅरिसला राजदूत झाले. त्याच १९१७ मध्ये भारताच्या तिजोरीवर युद्धखर्चापोटी १० कोटी पौंडांचा बोजा टाकला गेला, वर त्याला नाव दिलं भेट. आणि जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळकांनी मदतीसोबत स्वराज्याचा विषय काढला तर गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मधेच थांबवलं, टिळक तिथून उठून गेले. म्हणजे माणसं द्या, पैसे द्या पण प्रश्न विचारू नका.

आमच्या जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहीत आहे, त्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. गावाचं कौतुक व्हायलाच हवं, मी फौजींच्या विरोधात अजिबात नाही, आमच्याकडे घरटी कुणी ना कुणी फौजेत आहे. माझा राग आहे तो कौतुकाच्या आडून तारांवर सही करणाऱ्यांना मोकळं सोडायला.

आता तर आपलंच सरकार आहे. तरीही युद्ध सुरू करण्याआधी संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे असं आपल्या राज्यघटनेत कुठंही बंधन नाही. १९६२ मध्ये २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला आणि संसद बसली ८ नोव्हेंबरला, तीसुद्धा वाजपेयींसारख्यांनी अधिवेशन लवकर घ्या म्हणून मागणी केल्यावर. हल्ला झाल्यावर लगेच उत्तर द्यावं लागतं हे मान्य, पण आपण होऊन पुढे जायचा निर्णय असेल तर मतदान का नको, निदान बंद दाराआड तरी? आपल्या पेपरने जिल्ह्यातल्या खासदारांना हे एकदा विचारावं आणि कोण काय म्हणालं ते नावानिशी छापावं.

आपला,
एक वाचक, सातारा